अडकलेली माणसं : शून्य

फोन अडकतो, एवढीच तक्रार होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते, निम्म्या खुर्च्या अजून रिकाम्या होत्या, आणि ऑफिसची टेबलं पुसणाऱ्या, चहा करणाऱ्या ताई त्याच्या टेबलाशी येऊन थांबल्या होत्या. एका हातात ओला फडका, दुसऱ्या हातात फोन. "दादा, जरा बघता का? फार अडकतो हल्ली. कुणाचा आला तर उचलेपर्यंत कट होतो." तो म्हणाला, "बघतो." हा त्याचा लाडका शब्द. त्यात होकार नाही, नकार नाही, वेळ मात्र सुरेख मारून नेता येते. कंप्यूटरमधला माणूस म्हटला की सगळ्या गोतावळ्याचे फोन, प्रिंटर, टीव्हीचे रिमोट आपसूक त्याच्या गळ्यात पडतात, आणि गेली बारा वर्षं हा सगळ्यांना बघतो, बघतो म्हणत आला होता. बायको म्हणायची, लग्नाला होकार देतानाही तू 'बघतो' असंच म्हणाला असशील, गडबडीत मला नीट ऐकू आलं नसेल. पण ताईंना असं वाटेला लावणं त्याला बरं वाटेना. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा नवरा गेला होता. पार्सलच्या गोदामाचं छत कोसळलं, त्यात. पंधरा दिवसांनी त्या कामावर आल्या, आणि आल्या दिवशी पहिल्यासारखाच सगळ्यांना चहा दिला. कुणाला बिनसाखरेचा लागतो तेही विसरल्या नव्हत्या.

त्याने फोन घेतला. कोपऱ्याला तडा गेलेला, काचेवर बोटांचे ठसे. मागे काय काय उघडं राहिलंय ते पाहावं, नको ते बंद करावं, की आपोआप हलका होतो, हे त्याचं नेहमीचं औषध. चौदा पानं उघडी होती. एकावर एक चौदा, आणि चौदाही एकसारखी. पांढरं पान, मधोमध एक लहानसा चौकोन, चौकोनाशेजारी 'मी माणूस आहे' हे शब्द, आणि वरती दोन ओळी: 'तुम्ही माणूस आहात याची खात्री करून घेत आहोत. क्षणभर थांबा.' या दोन ओळी त्याच्याच होत्या. त्यानेच लिहिल्या होत्या. आधी तिथे कुठूनतरी भाषांतर करून आणलेलं एक ओबडधोबड वाक्य होतं, ते त्याला खुपायचं. 'कृपया प्रतीक्षा करा' नको, लोकांना सरकारी वाटतं, 'क्षणभर थांबा' कसं घरच्यासारखं वाटतं, म्हणून तो ज्यांची साइट सांभाळायचा त्या हॉस्पिटलच्या माणसांशी मीटिंगमध्ये अर्धा तास भांडला होता. 'क्षणभर' हा शब्द त्याने जिंकून आणला होता. आता तो शब्द चौदा वेळा त्याच्यासमोर होता आणि त्याचे कान तापायला लागले होते.

"पानं फार उघडी राहिलीत, ताई," तो म्हणाला. आवाज आपला नेहमीचाच येतोय का, याकडे त्याचं लक्ष होतं. "बंद केली की चालेल नीट."

"अहो नका, नका!" त्यांनी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला, मग स्वतःच ओशाळल्या. "तेवढी राहू द्या. त्या दिवशीची आहेत ती. हॉस्पिटलची. कुणाला कुठे नेलंय त्याची यादी लावलीय म्हणाले, कुणीतरी हे धाडलं फोनवर, म्हटलं दाबा म्हणजे दिसेल. मी दाबत होते, दाबत होते. हे असंच यायचं. शेजारणीला पाच मिनिटांत सापडला तिचा भाऊ. तिचा फोन महागाचा आहे. मी आपली आधी एका दवाखान्यात गेले, मग दुसऱ्या. मोठ्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा चार वाजून गेले होते." त्या थांबल्या. फडक्याची घडी घातली, मोडली. "सासूबाई म्हणतात, तुला साधं दाबता आलं नाही. तीन आठवडे बोलत नाहीत माझ्याशी. ताट समोर सरकवतात, बोलत नाहीत. म्हणून ठेवलीत ही पानं. म्हटलं, कुणीतरी जाणता माणूस दाखवेल मला, माझं नक्की चुकलं कुठे. तुम्हाला कळतं का यातलं, दादा?"

"बघतो," तो म्हणाला.

त्यातलं त्याला कळत होतं, आणि दुसरं काही कळत नव्हतं. लोकांच्या साइट उभ्या ठेवणं हे त्याचं काम. जगात अशी माणसं आहेत की त्यांना एखाद्या बँकेची, दुकानाची, हॉस्पिटलची साइट पाडायची असते. कुणाला खंडणी हवी असते, कुणाला नुसती मजा. ती ठिकठिकाणची हजारो मशीनं चोरून ताब्यात घेतात, मालकांना पत्ताही नसतो, आणि त्या सगळ्यांना एकाच वेळी एकाच दारावर पाठवतात. दारात इतकी खोटी गर्दी होते की खऱ्या माणसाला आत पाऊल टाकता येत नाही. त्याने दारात उभं राहायचं आणि निवडायचं, कोण खरं, कोण खोटं. सेकंदाला लाखभर. अर्थात हाताने नव्हे. नियम लावायचे, गाळणी घट्ट करायची, सैल करायची. ऑफिसात खोट्या गर्दीला भुतं म्हणत. काचेच्या केबिनमधून थोरले बाहेर यायचे (साहेबांचं हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, वयाने ते फार थोर नव्हते) आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून विचारायचे, "किती भुतं, किती माणसं?" तो आकडा सांगायचा. त्याचा आकडा सहसा चुकत नसे. त्याची नजर तयार होती. आईसुद्धा त्याच्या विनोदातून सुटली नव्हती: ती फोन उचलेपर्यंत करतच राहायची, पाच वेळा, सात वेळा, आणि तो शेजारच्याला फोन दाखवून म्हणायचा, हल्ला सुरू झाला. मग फोन उपडा ठेवायचा. सगळे हसायचे. तोही हसायचा.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलच्या दारावर गर्दी चढायला लागली. आदल्या आठवड्यात हॉस्पिटलला धमकीचं मेल आलं होतं, तुमची साइट पाडतो म्हणून, आणि चार दिवस तो डोळ्यांत तेल घालून त्याचीच वाट पाहत होता. वाट पाहणाऱ्याला आलेला प्रत्येक जण तोच वाटतो. गर्दी वाढली, दुप्पट झाली, दहापट झाली. पान वाकायला लागलं. हॉस्पिटलच्या आतल्या डॉक्टरांचे तपासणीचे कागदसुद्धा त्याच यंत्रावरून फिरत होते, तेही अडले असते. हे खरं होतं. नंतर मनातल्या मनात तो हे पुन्हा पुन्हा मांडायचा, तेव्हा इथपर्यंतचं सगळं ठीक होतं. त्याने पाहिलं की अर्ध्याहून जास्त गर्दी इंटरनेटवरच्या जेमतेम चाळीस पत्त्यांवरून येते आहे. एकेका पत्त्यावरून मिनिटाला हजारो वेळा तेच पान मागितलं जातंय. एक माणूस मिनिटाला हजार वेळा दार वाजवत नाही. ते पत्ते एका स्वस्तातल्या मोबाइल कंपनीचे होते. स्वस्तातल्या कंपन्या काय करतात, तर हजारो फोन एकाच पत्त्यामागे उभे करतात, एका खोलीत पंधरा भाडेकरू कोंबावेत तसे. बाहेरून दार एकच दिसतं. ही गोष्ट या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. नवीन आलेल्यांना ती तोच शिकवायचा, आणि हे भाडेकरूंचं उदाहरणही त्याचंच होतं. थोरले मागे येऊन उभे राहिले, खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात पडला. "किती भुतं, किती माणसं?" आणि त्या क्षणी, पान पडायच्या बेतात असताना, त्याच्या मनात आलं, ही माणसं असतील का? आलं होतं. विसरला असता तर बरं झालं असतं. विसरणाऱ्याला माफी असते. त्याच्या मनात ते स्वच्छ आलं, आणि मानेवर थोरल्यांचा श्वास लागत होता, आणि 'थांबा, मला दोन मिनिटं द्या, मला नक्की सांगता येत नाही' हे म्हणायची त्याला लाज वाटली. ज्याचा आकडा चुकत नाही अशा माणसाला ते शोभलं नसतं. "भुतं," तो म्हणाला. "सगळी भुतं." आणि त्याने गाळणी आवळली. त्या चाळीस पत्त्यांना यादीच्या पानाऐवजी चौकोनाचं पान जाऊ लागलं. नव्या फोनवर चौकोनात टिचकी मारली की आत सोडलं जायचं. पण नियम इतका कडक केला होता की जुन्या फोनवर टिचकी मारली की पुन्हा तेच पान यायचं. क्षणभर थांबा. गर्दीचा आलेख झरझर खाली आला. साइट हलली नाही. थोरल्यांनी त्याची पाठ थोपटली, आणि तेवढ्यात आईचा फोन वाजायला लागला. त्याने तो उपडा ठेवला. सात वेळा वाजला. त्याने टाइप केलं, 'कामात आहे, बघतो नंतर.'

दुपारी जेवून आल्यावर मोबाइलवर बातमी दिसली. गोदामाचं छत पडलं होतं, सकाळी साडेदहाला. पार्सलं चढवणारे, उतरवणारे, निवडणारे, सगळी मिळून तीनशे माणसं आत होती. जखमींना तीन ठिकाणी नेलं होतं. तो ज्याचं दार राखत होता त्याच मोठ्या हॉस्पिटलने साइटवर यादी लावली होती. हे वाचताना त्याच्या तोंडात जेवणाची चव तशीच होती. त्याला कळलं, आई का फोन करत होती: गोदाम त्याच्या ऑफिसच्या बाजूलाच आहे असा तिचा समज होता. तो जागेवर बसला आणि त्याने नोंदी उघडल्या. कुणी कधी दार वाजवलं याची एकेक ओळ तिथे राहते. मशीन ठोक्याला ठोका धरून येतं. इथे तसं नव्हतं. एका फोनवरून चार सेकंदांनी दार वाजलं होतं, मग नऊ, मग सहा. मग दोन मिनिटं काहीच नाही. कुणीतरी चालत होतं, रस्ता ओलांडत होतं, कुणाला तरी विचारत होतं. मग पुन्हा चार सेकंद, तीन, तीन. दुसऱ्या एका फोनवरून पाच मिनिटं सलग, मग एकदम बंद. बॅटरी संपली असेल. तो त्या ओळी वाचत गेला आणि त्याला दिसत गेलं, भुतं कुठेच नव्हती. धमकी देणारा त्या दिवशी आलाच नव्हता. चाळीस पत्त्यांमागे सगळी माणसं होती, आणि ती सगळी एकच पान मागत होती. तीन वाजून वीस मिनिटांनी त्याने गाळणी सैल केली. कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. चार वाजता थोरल्यांनी अहवाल मागितला, हॉस्पिटलला पाठवायचा होता. ठरावीक नमुना होता: हल्ला किती वाजता, किती काळ, काय उपाय केले. शेवटची ओळ, 'अडकलेली माणसं'. म्हणजे भुतांबरोबर चुकून किती खरी माणसं बाहेर राहिली. या ओळीवर त्याचा हात थांबला. आकडा त्याला ठाऊक नव्हता. नक्की आकडा कुणालाच कळला नसता. पण तो शून्य नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने शून्य लिहिलं. आणि वरती कारण लिहिलं, बाह्य हल्ला. पुढच्या सोमवारी हॉस्पिटलचं आभाराचं पत्र आलं, ते थोरल्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंच्या जागी तेव्हा कुणी बदली बाई आल्या होत्या, त्यांनी चहा दिला. तो फार गोड होता.

ताईंचा नवरा त्या गोदामात होता, हे तेव्हाच ऑफिसभर कळलं होतं. त्यालाही कळलं होतं. हॉस्पिटलात नेल्यावर तीन तासांनी गेला, एवढंच कळलं. त्याने वर्गणीत इतरांपेक्षा दुप्पट घातले आणि आपण दुप्पट का घातले याचा विचार केला नाही. एवढी माणसं होती, एवढे फोन होते, त्यांतला एक या फडकेवाल्या हातातला असेल असं त्याला वाटलं नव्हतं. किंवा वाटू दिलं नव्हतं. आता चौदा पानं दिसल्यावर त्याला वाटू न देणं जमेना. पुढचे तीन दिवस त्याने लपाछपी केली. चाळिशी गाठलेला, घरी मुलगी असलेला बाप्या, चहाच्या वेळेला जिन्यात जाऊन उभा राहू लागला. परत येईपर्यंत टेबलावर कप झाकून ठेवलेला असायचा. तोच त्याला सोसेना. चिडून, न बोलता, दणकन ठेवलेला असता तर बरं वाटलं असतं. घरी तो जेवताना गप्प राहू लागला. मुलगी वहीत चित्र काढत होती, 'बाबा, हे कोण ओळख' म्हणाली, आणि तो 'माणूस' म्हणाला तर ती खदखदून हसली, अरे बाबा हा रोबो आहे. तो उठून बाल्कनीत गेला. बायको मागोमाग आली. "काय चाललंय तुझं?" "कामाचं आहे." "कामाचं असलं की तू चिडतोस. आता चिडलेला नाहीस." त्याने तिच्याकडे पाहिलं. सांगावं असं जिभेवर आलं होतं. तिला सांगणं सोपं होतं. ती आधी गप्प बसली असती, मग म्हणाली असती, तुला कुठे ठाऊक होतं. आणि ते ऐकायला बरं वाटलं असतं, म्हणूनच त्याने सांगितलं नाही. शाळेतली एक गोष्ट त्याला आठवत राहिली. तो वर्गाचा मॉनिटर होता, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. एक मुलगी पुन्हा पुन्हा शेजारणीच्या कानाशी लागत होती, त्याने तिचं नाव लिहिलं, मग नावापुढे फुली, मग दुसरी फुली. बाई आल्या, तिला उभं केलं. ती उभ्या उभ्या ओकली. मघापासून ती तेच सांगत होती, मला कसंतरी होतंय. बाईंनी तिचं नाव पुसायला सांगितलं तेव्हा त्याने फुल्यांसकट पुसलं, नीट, डाग न ठेवता, आणि जागेवर येऊन बसला. तिला कधी काही बोलला नाही. पुढे पाच वर्षं ते एका वर्गात होते.

चौथ्या दिवशी तो थोरल्यांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्यानेच बोलायला लागला. छत, यादी, चाळीस पत्ते, शून्य. थोरल्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर उठले, केबिनचं दार लावलं, परत येऊन बसले. "तुला त्याच दिवशी कळलं होतं?" "हो." "अहवालाच्या आधी?" "हो." थोरल्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला आधार झाला असता, पण तिथे भीती होती, आणि ती आपल्यासारखीच दिसते हे पाहून त्याला अधिकच कसंनुसं झालं. "हे बघ," ते म्हणाले, "मागे मीच उभा होतो. मी विचारलं, तू सांगितलंस. आता ते उकरून कुणाचा माणूस परत येणार आहे? पत्ते पुढच्या वेळेला तपासू, नियम बदलू, सगळं करू. पण अहवाल गेलाय. भुतं म्हणून लिहिलंय ना? राहू दे भुतं." तो उभाच होता. "कुणी विचारलंय का तुला?" थोरल्यांनी विचारलं. "हो," तो म्हणाला. "ताईंनी." थोरल्यांनी एकदम काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर ताई कुंडीतल्या झाडाची पानं पुसत होत्या, एकेक पान तळहातावर घेऊन. मग थोरले खाली बघून म्हणाले, "मी यात काही ऐकलेलं नाही. तुला काय करायचं ते कर."

चहाची खोली म्हणजे एक अरुंद पट्टी होती; एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला भिंत, दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागे. तो आत गेला तेव्हा ताई कप विसळत होत्या. "चहा हवाय का दादा? आत्ता टाकते." "नको." तो ओट्याशी थांबला. "ताई, ते पान. तुमचं काही चुकलेलं नव्हतं." त्यांनी नळ बंद केला. "गर्दी फार झाली होती. सिस्टीमने काही फोन अडवले. तुमचा त्यात होता." हे वाक्य त्याने जिन्यात उभं राहून जुळवलं होतं, आणि तोंडातून बाहेर पडताक्षणी त्याला त्याची किळस आली, कारण ते फार छान जुळलं होतं. ताईंचा चेहरा मात्र उजळला. "मशीनने होय! तरीच. मी म्हटलंच, इतक्या वेळा दाबलं..." त्या हसल्यासुद्धा, ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत. "बरं झालं दादा तुम्ही सांगितलंत. देव भलं करो तुमचं." इथे थांबता आलं असतं. बाई समाधानी होती, तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, मशीन काही उलट बोलणार नव्हतं. तो वळला. दोन पावलं दाराकडे गेला. आणि तिथे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मागून त्या म्हणाल्या, "थांबा, साखर कमी करून टाकतेच तुमचा."

"ताई, मशीनने नाही," तो दाराकडेच तोंड करून म्हणाला. मग वळला. "मशीनला मी सांगितलं. त्या दिवशी दारात मी होतो. मला वाटलं, खोटी गर्दी आहे. म्हणजे... मला वाटलं होतं की खरी असेल. तरी मी अडवलं. वर चौकोनावर जे लिहिलंय ना, क्षणभर थांबा, तेही मीच लिहिलंय." सांगून झालं तरी त्याला हलकं वाटलं नाही. मनात कुठेतरी त्याने धरलं होतं की वाटेल.

ताई बघत राहिल्या. त्यांच्या हातातल्या कपातून पाणी ठिबकत होतं. रागाचं, रडण्याचं, काहीच आलं नाही तोंडावर. हिशेब जुळवताना येतो तसा एक ताण आला. "म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "माझं बोट बरोबर पडत होतं?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

त्यांनी कप ठेवला, हात पुसले, दोन्ही बाजूंनी, बोटांच्या मधूनसुद्धा. फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून ओट्यावर, दोघांच्या मध्ये ठेवला. पलीकडे उचलला गेला, पण कुणी काही बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, जरा घरघरणारा. तीन आठवडे न बोलणारी बाई फोनवरही बोलत नव्हती. "सांगा," ताई त्याला म्हणाल्या. "मला सांगितलंत तेच सांगा. सगळं."

"कोण आहे?" पलीकडून एकदम आवाज आला. "कोण बोलतंय?"

त्याने सांगितलं. आधी स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, कशासाठी ते त्यालाही कळलं नाही. मग सांगितलं की तुमच्या सुनेचं काही चुकलं नाही, ती बरोबर दाबत होती, मी तिला आत सोडलं नाही. म्हातारीने मध्येच विचारलं, "का?" "मला वाटलं, ती माणूस नाही," तो म्हणाला. हेच खरं होतं आणि ते मोठ्याने म्हटल्यावर त्या अरुंद खोलीत त्याला कुठे बघावं कळेना. मग म्हातारी म्हणाली, "आहे का ती तिथं?" "आहे." "द्या तिला." ताईंनी फोन उचलून कानाला लावला. काय बोलणं झालं ते त्याला ऐकू आलं नाही. ताई फक्त हूं, हूं म्हणत होत्या, एकदा म्हणाल्या, "डब्यात आहे, वरच्या", आणि मग, "हो, येते लवकर." फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले. त्याला शिव्या, शाप काहीही मिळालेलं नव्हतं. दोघींनी आपापसात काहीतरी परत घेतलं होतं आणि त्यात त्याचं नाव कुठेही नव्हतं.

तो जाणार होता, पण जावं की नाही हेही त्याला ठरवता येईना. ताई फोनकडे बघत होत्या. "आता दाबलं तर उघडेल का ते?" "उघडेल." "बघू," असं म्हणून त्यांनी चौदांतलं एक पान समोर घेतलं आणि चौकोनात बोट टेकवलं. हळूच, एकदाच. बोट उचलायच्या आत यादी आली. तीन आठवडे झाले तरी ती कुणी काढली नव्हती. त्या पानाची राखण त्याने केली होती, पण ते पान त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. ओळींच्या ओळी, क्रमांक, नाव, दाखल केल्याची वेळ, आणि शेवटी 'नातेवाईक' असा एक रकाना. बहुतेक ओळींत तिथे काही ना काही होतं: भाऊ, बायको, वडील, शेजारी. ताई बोटाने वाचत होत्या. बऱ्याच खालच्या एका ओळीवर बोट थांबलं. दाखल ११.४०. बोट आणखी थोडं सरकलं, रकान्याच्या शेवटाशी. तिथे लिहिलं होतं, 'कोणी आलं नाही'.

त्यांनी ते दोनदा वाचलं; ओठ हलताना दिसले.

"मी आले होते," त्या म्हणाल्या. मग फोन त्याच्यापुढे धरला, त्या सकाळी धरला होता तसाच. "हे बदलता येतं का हो, दादा?"

त्याच्या तोंडात शब्द तयार होता, बारा वर्षांच्या सवयीचा. तो त्याने गिळला.

"नाही," तो म्हणाला. "ते मला बदलता येत नाही."

त्यांनी मान हलवली. तो जागेवर येऊन बसला, अहवाल उघडला, आणि शेवटच्या ओळीतलं शून्य खोडून तिथे एक लिहिलं. आणि मग त्या दिवसाच्या नोंदी पहिल्या ओळीपासून मोजायला घेतल्या.